बाटलीचा फोटो स्वच्छ आला

४ मार्च, सोमवार, सकाळ

रात्रभर झोपले नाही. ठकीला झोपू द्यायचं नव्हतं, म्हणून. सिस्टरने बजावलं होतं, पोरगी रात्रभर जागी ठेवा, सकाळी औषध पाजलं की मशीनमध्ये गाढ झोपेल, हलली तर फोटो बिघडतो. अडीच वर्षांच्या पोरीला रात्रभर जागं ठेवायचं म्हणजे काय, ते सांगणारीने एकदा करून दाखवावं. गाणी म्हटली, गुदगुल्या केल्या, गार पाण्याने पाय धुतले. पहाटे दोघीही रडलो. ती झोपेने, मी रागाने.

भीतीने नाही. हे आधीच लिहून ठेवते.

ठकी महिनाभर मान एका बाजूला धरते, चालताना भिंतीला हात लावते, सकाळी उठली की उलटी. मला माहितीये कशाने ते. मान उशीमुळे. चालणं नवीन चपलेमुळे, एक माप मोठी घेतलीये. उलटी झोपताना दूध पिते म्हणून. हे सगळं डॉक्टरीणबाईंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तरी एकदा डोक्याचा फोटो काढू. काढा बाई. तुमचंही समाधान होऊ दे.

ही वही औषधांच्या वेळा लिहायला घेतली. त्याला एक पान पुरतं. बाकीची वही माझी.

दुपार

फोटो झाला. म्हणजे नाही झाला.

आत जाताना माझ्या केसातल्या पिना, कानातलं, सगळं काढून घेतलं. ठकी औषधाने पेंगलेली, आत थोपटून झोपवली. मशीन म्हणजे भोक पाडलेला पांढरा डोंगर. त्यात पोरगी सरकवली आणि पत्र्यावर दहा सुतार बसल्यासारखा ठणठणाट सुरू. पोरगी ढिम्म हलली नाही. माझी पोरगी शहाणी आहे. मशीन नाही.

काचेपलीकडे टेक्निशियन बाईच्या कपाळाला आठ्या. बाहेर आल्यावर तिने टीव्हीवर दाखवलं. ठकीच्या डोक्याच्या फोटोवर आडव्या रेघा, ठिपक्याठिपक्यांच्या, पर्सची चेन ओढावी तशा. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, ताई, हे तुमच्या मुलीचं नाही, बाहेरची कसलीतरी वीज आत शिरतेय आणि मशीन तीपण पकडतंय. बरं. आणि डोक्यात मागच्या बाजूला एक पांढरा डाग, अंगठा उठल्यासारखा. मी म्हटलं, मग हा कुणाचा. ती म्हणाली, ते डॉक्टर सांगतील.

डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं नाही. म्हणाल्या, रेघ नेमकी डागावरूनच गेलीये, खरा आहे की नाही ते म्हणता येत नाही, मशीन नीट झालं की पुन्हा काढू.

यात म्हणता न येण्यासारखं काय आहे. जो साक्षीदार रेघांबद्दल खोटं बोलला, तो डागाबद्दल खरं बोलेल होय. रेघ मशीनची, तर डागही मशीनचाच. मी सातवीत शाळा सोडली तरी मला कळतं.

ठरलं. मशीन नीट करून घ्यायचं. रेघा गेल्या की डाग जाणार. डाग गेला की घर.

संध्याकाळी दादाचा फोन आला. उचलला नाही. मेसेज केला, सगळं मजेत. दादाला इथे आणायचं नाही. दादा आपल्याकडे येतो ते काहीतरी वाईट असलं तरच. बाबा गेले तेव्हा आला. माझं पहिलं बाळ पोटात गेलं तेव्हा आला. एरवी त्याला दुकानातून सवड नसते. तो बॅग घेऊन दारात उभा राहिला की झालंच म्हणून समजायचं. म्हणून बोलवायचंच नाही. तो आला नाही म्हणजे काही नाही.

५ मार्च, मंगळवार

इंजिनियर येणार म्हणे. कधी, तर येतील. सकाळपासून येतील.

शेवटी मीच कामाला लागले. बाहेरची वीज आत शिरते, तर बाहेर वीज कुठे आहे ते बघायला इंजिनियर कशाला हवा. मशीनच्या खोलीच्या भिंतीला लागून पाण्याचा कूलर. प्लग काढला. वॉचमनचा पंखा. प्लग काढला. बाकावर एक जण मोबाईल चार्जिंगला लावून बसला होता. त्याचाही काढला. तो म्हणाला, अहो ताई, चार टक्के राहिलेत. मी म्हटलं, माझी पोरगी आत अडकलीये आणि तुमचे टक्के. तो म्हणाला, तुमची पोरगी तर तुमच्या कडेवर आहे. लोकांना तोंड वर करून बोलायची फार सवय.

वॉचमनने तक्रार केली. सिस्टरने येऊन सगळे प्लग परत लावले आणि मला म्हणाली, ताई, मशीन आज बंदच आहे, तुम्ही कशासाठी करताय हे. मी म्हटलं, सराव.

आमच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी आहे, सगळे आत्याबाई म्हणतात. कंबर धरलीये, तिलाही याच मशीनचा फोटो हवाय. ती म्हणते, पोरी, तुझी ठकी औषधाने झोपते हे नशीब, तुझ्या आवाजाने तर मेलेलाही उठून बसेल. मी बोललेच नाही तिच्याशी. अर्धा तास.

६ मार्च, बुधवार

इंजिनियर आला. बाटली घेऊन.

खोटं नाही. एवढी मोठी बॅग, त्यातून एक गोल गुबगुबीत प्लॅस्टिकची बाटली काढली, आत पाणी. ती मशीनमध्ये ठेवली, उशी लावून, पट्टा बांधून, आणि तिचा फोटो काढत बसला. माझी पोरगी बाहेर बाकावर, बाटलीचा नंबर आधी. मी दारात जाऊन विचारलं, साहेब, या बाटलीला काय होतंय. तो म्हणाला, काहीच होत नाही, म्हणूनच हिचा काढायचा. बाटलीत काही नाही हे मला माहितीये, मग फोटोत जे दिसेल ते बाहेरचं.

मी त्याचं नाव बाटलीसाहेब ठेवलं. आत्याबाई कंबर धरून हसली आणि मग कंबर दुखली म्हणून मलाच बोलली.

बाटलीसाहेब शांत माणूस आहे. शांत माणसांचा मला राग येतो. त्यांना घाई नसते. एकेक वस्तू बंद करतो, बाटलीचा फोटो काढतो, मान हलवतो. आतला पंप बंद, फोटो. बाहेरचा एसी बंद, फोटो. एक लहान रेडिओसारखी पेटी घेऊन भिंतीभिंतीने फिरतो, जशी काही भिंत त्याच्याशी बोलणार आहे. मी मागेमागे. मी म्हटलं, सगळं एकदम बंद करा ना. तो म्हणाला, ताई, सगळं एकदम बंद केलं तर चोर जातो पण कळत नाही कोण होता. मी म्हटलं, आम्हाला चोर नको, फोटो हवाय.

मग मला समजावत बसला. म्हणे, या खोलीच्या भिंतींच्या आत सगळीकडून तांब्याचा पत्रा आहे. छताला, जमिनीला, दारातसुद्धा. खोली म्हणजे बंद डबा. आपल्या अंगातून मशीनला जे ऐकू येतं ते मुंगीच्या पावलाएवढं. बाहेर मोबाईल, दिवे, लिफ्ट, सगळ्यांचा गोंगाट हवेत असतो. तो आत येऊ नये म्हणून हा डबा. दाराच्या चौकटीला तांब्याचे बारीक दात आहेत, कंगव्यासारखे, दार लावलं की ते सगळीकडून पत्र्याला टेकले पाहिजेत. एक बोटाची फट राहिली तरी गोंगाट आत.

हे मला कशाला सांगतो. मी काय दारांची डॉक्टर आहे.

दुपारी चोर सापडला. मशीनच्या खोलीतला छताचा दिवा. दिवा लागायचा, पण त्याच्या वरची छोटी पेटी बिघडलेली, ती रेघा काढत होती. म्हणजे चोर डब्याच्या आतच. दिवा बदलला. बाटलीचा फोटो स्वच्छ आला, चंद्रासारखा. एक रेघ नाही.

तो दिवा फडफडतो हे मी सोमवारीच बघितलं होतं. म्हणजे बघितलं असणार. सांगणारच होते, पण आपण बाई, आपलं कोण ऐकतं. डॉक्टरीणबाईंना सांगून आले की दिवा मी ओळखला होता. त्या म्हणाल्या, छान. टेक्निशियन बाईला म्हणाल्या, ठकीला उद्या सकाळी घ्या.

उद्या डाग जाणार. पिशवी भरून ठेवली.

ठकीचा बाप फोनवर. तो लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, चार राज्यं ओलांडून माल नेतो, रेंज मिळाली की फोन करतो. म्हणाला, डॉक्टर काय म्हणतात. मी म्हटलं, डॉक्टरांना काय कळतंय, मशीनच बिघडलं होतं, आता मी नीट करून घेतलंय. तो म्हणाला, दादाला बोलावून घे ना सोबतीला. मी फोन ठेवला. सोबतीला म्हणे. मी काय लहान आहे.

७ मार्च, गुरुवार

पुन्हा रात्रभर जागरण. ठकी आता हुशार झालीये, डोळे उघडे ठेवून झोपते. सकाळी चालवत नेली तर भिंतीवर आपटली. झोपेमुळे.

औषध पाजलं, झोपली. मशीनवर ठेवली. सगळं सरळ. आणि मग टेक्निशियन बाईने ते दार लावलं. आधी खर्र, मग धाड. लोखंडी तिजोरी बंद केल्यासारखं. ठकी दचकून उठली ती किंचाळतच. मला धरू देईना, मशीनकडे बघेना. उलटी केली. माझ्या अंगावर, टेक्निशियन बाईच्या बुटांवर.

औषध एका दिवसात दोनदा देता येत नाही. फोटो रद्द. शनिवारी या.

मी टेक्निशियन बाईला म्हटलं, तुमच्या घरची दारं अशीच लावता का. ती म्हणाली, ताई, हे दार असंच बसतं, जोर लावल्याशिवाय बसत नाही. मी म्हटलं, सोमवारी झोपली होती ती. ती म्हणाली, सोमवारी ती दार लावल्यानंतर आत झोपली, तुम्हीच थोपटत होतात. यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. फोटो तेवढा नसतो.

नाचता येईना, अंगण वाकडं. आणि इथे अंगणाला दार पण आहे.

पिशवी उपसली. ठकीचा फ्रॉक हवा होता.

८ मार्च, शुक्रवार

आज एक चांगलं काम केलं.

ठकीचा एक मोजा कालच्या गोंधळात मशीनच्या खोलीत राहिला. मागायला गेले. टेक्निशियन बाई फोनवर कुणाशीतरी तारखा लावत होती, हाताने खुणावलं, अंगावर लोखंड नसेल तर जा, घ्या. नव्हतं. गेले. मोजा घेतला. आणि ते दार बघितलं, जवळून. चौकटीला सगळीकडून तांब्याचे दात, दार त्यांच्यावर घासतं, म्हणून तो खर्र. आणि शेवटी पत्र्यावर पत्रा आपटतो, म्हणून ते धाड. एवढ्या शिकलेल्या लोकांत एकालाही सुचलं नाही.

माझ्या ओढणीच्या गाठीत सिस्टरने दिलेला मऊ बँडेजचा रोल होता, ठकीच्या हाताची सुई बांधायला दिलेला, आणि चिकटपट्टीची गुंडाळी. घरी मी दारं अशीच बसवते. ठकीच्या जन्मापासून आमच्या घरी एक दार वाजत नाही. कपाटाला सुद्धा कापडाची कड लावलीये.

टेक्निशियन बाईचा फोन चालूच होता. लावली पट्टी. वरून खालून, चारी बाजूंनी. बँडेज आत, चिकटपट्टी वर, सुरकुती नाही कुठे. पट्टीचा रंगही तांब्यासारखाच, कुणाला दिसणार नाही. दार लावून बघितलं. लोण्यात सुरी.

टेक्निशियन बाईने विचारलं, मिळाला का मोजा. मी म्हटलं, मिळाला. बाकी सांगितलं नाही. चांगलं काम करावं आणि गप्प बसावं, असं आई म्हणायची. कळेल तेव्हा स्वतः येऊन हात जोडतील.

दादाचे तीन मिस्ड कॉल. मेसेज केला, उद्या संपतंय सगळं.

९ मार्च, शनिवार

मी शब्दच उच्चारणार नव्हते, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ठकी झोपली. दार लागलं, कुणाला कळलंही नाही. टेक्निशियन बाई स्वतःच म्हणाली, अरे वा, आज दार छान बसलं. मी नुसती हसले. मशीन ठणठणलं, पोरगी मेणाच्या बाहुलीसारखी पडून. पूर्ण फोटो. एकदाही हलली नाही. मला आतल्या आत टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

बाहेर आले तर टेक्निशियन बाई खुर्चीत मागे टेकून बसलेली. टीव्हीवर ठकीचं डोकं दिसतच नव्हतं. नुसत्या रेघा. सोमवारी चेन होती, आज अख्खी गोणी शिवून ठेवल्यासारखी.

मी तिथे जे बोलले ते लिहीत नाही. वॉचमन धावत आला एवढं पुरे.

डाग दिसला नाही, हे मात्र मी डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आणून दिलं. त्या म्हणाल्या, ताई, आज काहीच दिसत नाहीये. मी म्हटलं, तेच म्हणतेय मी, डाग नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला आवडत नाही कुणी खांद्यावर हात ठेवलेला.

बाटलीसाहेबाला माणसांचा फोटो काढता येत नाही. बाटल्यांचाच इंजिनियर तो. सोमवारी परत येतोय. येऊ दे. माझं तोंड अजून संपलेलं नाही.

११ मार्च, सोमवार, दुपार

सकाळपासून तो शोधतोय. नवीन दिवा काढला, दुसरा लावला. पंप काढला. एसी बंद. शेवटी लिफ्ट बंद करायला लावली. अख्ख्या इमारतीतले पेशंट जिन्याने, आणि सगळे येता जाता मशीनच्या खोलीला शिव्या देतायत. मला बरं वाटलं. एकटीनेच किती द्यायच्या.

रेघा तशाच.

मी बाकावरून उठून गेले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, साहेब, काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय तुमचा. एवढं शिकून काय केलंत. आठवडाभर माझं लेकरू रात्ररात्र जागं ठेवलंय मी. तुम्ही बाटल्यांना पट्टे बांधा.

तो रागावला नाही. घाम पुसला, म्हणाला, ताई, मलाही कळत नाहीये. हा गोंगाट इतका आहे की जणू दार उघडंच आहे.

मी म्हटलं, दाराला नावं ठेवू नका. दार आता पहिल्यापेक्षा चांगलं बसतं.

तो म्हणाला, आता म्हणजे.

संध्याकाळ

लिहू नये असं वाटतंय. पण वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, आत्ताच.

त्याने चौकटीवरून बोट फिरवलं. वरपर्यंत गेला, थांबला. नखाने टोक उचललं. आणि मग ओढायला लागला. पट्टी येतच राहिली, येतच राहिली, विहिरीचा दोर ओढावा तशी. टेक्निशियन बाई, वॉचमन, सिस्टर, चार पेशंट, सगळे बघतायत. आत्याबाई तर कंबर धरून खास उठून आली. शेवटी त्याच्या पायाशी बँडेजचा ढीग. आत्याबाई म्हणाली, अगंबाई, एवढी मोठी जखम झाली होती होय दाराला.

वॉचमन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

बाटलीसाहेबाने विचारलं, कुणी केलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. का, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, दार वाजतं, पोरगी उठते, कुणाला पडलीये. तिथे पाटी लावायची होती, पट्टी लावू नये म्हणून. आणि दार असं बनवायचंच कशाला की आईला बँडेज बांधावं लागेल.

तो म्हणाला, ताई, एक विचारू. मला वाटलं, आता बोलणार. तो म्हणाला, इतकं सरळ कसं लावलंत. मी सकाळपासून चार वेळा हात फिरवला या दारावरून, मला हाताला लागलं नाही.

मी म्हटलं, शिवणकाम करते मी. मग तिथून निघून आले, कारण डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

चिकटपट्टीचा गोंद दातादातात बसलाय. तो एकटा स्पिरिट आणि कापूस घेऊन पुसत बसलाय. थोड्या वेळाने मी पण गेले. मदतीला नाही. गोंद माझ्या पट्टीचा, तो कसा निघतो ते मला जास्त कळतं म्हणून. खालचे दात मी पुसले, वरचे त्याने. तो म्हणाला, दार लावताना तिचे कान धरा दोन्ही हातांनी, एवढंच पुरेल. हे गुरुवारी सांगता येत नव्हतं का कुणाला.

तो म्हणाला, भावंडं नाहीत का, कुणी सोबत नाही ते. मी म्हटलं, भाऊ आहे, पण त्याला यायची काही गरज नाही. तो म्हणाला, बरं. आणि पुसत राहिला.

बाटलीचा फोटो परत स्वच्छ.

१२ मार्च, मंगळवार

आज आत्याबाईचा नंबर लागला. मणक्यात काही फार नाही म्हणे, गोळ्या आणि पट्टा. ती घरी निघाली. जाताना ठकीच्या गालाला हात लावला आणि मला म्हणाली, पोरी, तू भांडतेस छान. पण घरचं कुणीतरी बोलाव, दर वेळेला वॉचमनशीच काय भांडायचं. मी म्हटलं, बघू.

बघायचं काही नाही. फक्त कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून म्हटलं.

ठकी आज चालली नाही. कडेवरच राहते म्हणते. चपलाच काढून टाकल्या मी, एक माप मोठ्या. आता अनवाणीही चालत नाही. गार फरशीमुळे.

आज रात्री परत जागरण. शेवटचं.

१३ मार्च, बुधवार

झालं. झालं, झालं.

मी कान धरले, दार लागलं, खर्र, धाड, आणि ठकी झोपलेलीच. मशीन संपेपर्यंत मी तिच्या पायाचा अंगठा धरून बसले. बाहेर आले. टीव्हीवर एक रेघ नाही. मी स्वतः बघितलं. इतका स्वच्छ फोटो की डोक्यातल्या घड्या मोजाव्यात. टेक्निशियन बाईला मी चक्क मिठी मारली. म्हटलं, तुमचे बूट धुऊन देते. ती हसली.

मी विचारलं, डाग कुठे गेला. तिला नेमका तेव्हा फोन आला.

फोटो माझ्यासमोर फार वेळ ठेवला नाही तिने, पण रेघा नव्हत्या, हे मी शपथेवर सांगते. रेघा नाहीत म्हणजे नाही. मशीनचंच होतं सगळं. आठवडाभर एका दिव्यापायी आणि एका दारापायी माझ्या लेकराला छळलं या लोकांनी. मला राग यायला हवा, पण आज येत नाहीये. आजचा दिवस सूट.

उद्या डॉक्टरीणबाई सांगतील, मग घर. ठरवलेलं: आधी ठकीच्या बापाला फोन. मग दादाला. दादाला म्हणणार, बघ, तू न येताच सगळं झालं. तो म्हणेल, माकडे, मग आठवडाभर फोन का उचलत नव्हतीस. त्याच्याशी अर्धा तास भांडणार. पिशवी भरली. चपला पिशवीत तळाला. घरी गेल्यावर बरोबर मापाच्या घेऊ.

आज पहिल्यांदा दोघी झोपणार.

१४ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवर बसायला सांगितलं. आधी कधी सांगितलं नव्हतं. दार लावून घेतलं.

रेघा नाहीत. डाग आहे.

त्यांनी पेनाच्या टोकाने दाखवला. आता काठसुद्धा दिसतात, एकदम रेखीव. म्हणाल्या, गाठ आहे, पाण्याने भरलेली, मागच्या बाजूला दाबतेय, म्हणून मान, म्हणून चालणं, म्हणून उलटी. म्हणाल्या, काढता येण्यासारखी दिसते. काठ इतके स्पष्ट दिसतायत ते फार बरं झालं, कुठून जायचं ते आता कळतंय. रेघांच्या फोटोवर हात घालायचं धाडस केलं नसतं. थांबायचं नाही पण. आजच दुपारी ऑपरेशनला घेऊ.

मी म्हटलं, मशीन एकदा परत बघता का. त्या म्हणाल्या, ताई, मशीन आता बरोबर आहे.

मग मी विचारलं, बाटलीत काही असतं तर फोटोत दिसलं असतं का. मला काय विचारायचं होतं कुणास ठाऊक. त्यांना बाटली म्हणजे काय ते माहीत असावं. म्हणाल्या, हो, दिसलं असतं.

कागदावर सही केली. अक्षर नीट आलं नाही.

आठवडाभर कुणाकुणावर ओरडले. कूलरवर, वॉचमनवर, त्या चार टक्केवाल्यावर, दिव्यावर, दारावर. आता ओरडायला कुणी उरलंच नाही. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलंय. हेच चुकलंय.

ठकीच्या बापाशी बोलणं झालं. म्हणजे मी सांगितलं आणि मग दोघंही फोन धरून बसलो. तो गाडी वाटेतच सोडून निघालाय, पण पोचायला परवा उजाडेल.

दादाला फोन लावला. दोनदा. दोन्ही वेळा त्याने पहिल्या रिंगला उचलला. म्हणाला, बोल गं माकडे. माझा आवाज निघेना. हॅलो, हॅलो करत राहिला. मी कट केला. आता तो लावतोय आणि मी नुसती बघतेय. उचलला आणि पुन्हा आवाज निघाला नाही तर तो घाबरेल.

ठकीचे केस काढले. डोकं बारीक आहे तिचं. मला वाटायचं मोठं आहे.

सिस्टर न्यायला आलीये. मला दारापर्यंत जाता येईल, तिथे बसून राहायचं. मोबाईल आत चालत नाही, पिशवीही नाही, वहीही नाही. म्हणून ही खाटेवर उघडी ठेवतेय. शेजारच्या खाटेवर नवीन बाई आहेत, झोपल्यात, त्यांना उठवत नाही.

जो कुणी हे वाचेल, सिस्टर असो, झाडणारी बाई असो, कुणीही. माझ्या भावाला फोन करा. मोबाईल उशीखाली आहे, लॉक नाही, पहिलंच नाव दादा. तो लगेच उचलेल. एवढंच म्हणा की ये. कशाला, ते तो विचारणार नाही.